झाकणाखालून ऐंशी पैसे

आमच्या एकलहऱ्यात वीज तयार होते. 210 मेगावॅटचे तीन संच आहेत आणि त्यांच्या चिमण्या माझ्या खिडकीतून दिसतात. दुचाकीला किक मारून नाशिकरोडला गेलं की तिथे नोटा छापतात, त्याही 1928 पासून. म्हणजे संसाराला लागणाऱ्या दोन मुख्य वस्तूंच्या अगदी उगमाशी माझा मुक्काम आहे. तरीही महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या घरात यांपैकी एक वस्तू हमखास नसते आणि पावसाळ्यात दोन्ही नसतात. गोदावरीकाठी राहून टँकरची वाट पाहणाऱ्याला माझं दुःख कळेल.

तर अशा या गावात मला गेल्या वर्षी पहिलं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. त्याआधी मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. तिथे नट मोजायचो, आता शब्द मोजणार होतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायच्या, घरी बसून, कुणाचा कार्डपंच नाही, कुणाचा साहेब नाही. मी पेढे आणले. ही चूक झाली.

एकलहऱ्यात ‘कॉन्ट्रॅक्ट’ या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. पहिला ठेकेदार: पांढरी गाडी, पांढरा शर्ट, चार बोटांत अंगठ्या. दुसरा कंत्राटी: गेटपास, हेल्मेट आणि ‘पर्मनंट कधी होणार?’ हा प्रश्न. माझ्या अंगावर अंगठी नाही आणि डोक्यावर हेल्मेट नाही हे पाहून पारावरची मंडळी गोंधळली.

“कशाचं घेतलं कॉन्ट्रॅक्ट? कोळशाचं का राखेचं?”

“मिक्सरचं.”

“रिपेरिंग का?”

“नाही. मिक्सरच्या खोक्यात ती पुस्तिका येते ना, ती मराठीत करायची.”

“ती कोण वाचतं?”

माझ्या व्यवसायाबद्दल आजवर विचारलेला हा सगळ्यात मर्मभेदी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही. तरी त्यातल्या एकाने पेढा तोंडात टाकत, “असू दे. आमच्या पुतण्याला लावून घे त्याच्यात,” म्हणून वशिला लावलाच.

बाबांच्या शंका निराळ्या होत्या. ते थर्मलमध्ये चौतीस वर्षं होते. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, पण बाबांचं मंडळ काही फुटलं नाही. ते आजही ‘बोर्डा’तूनच निवृत्त आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि चौकशी सुरू केली.

“फंड कापतात?”

“नाही.”

“रजा?”

“नाही.”

“ओव्हरटाइम?”

“सगळाच ओव्हरटाइम आहे, बाबा.”

ते गप्प झाले. पेढ्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी बशीत परत ठेवला.

करार अकरा पानांचा होता. मी त्यातलं चौथं पान वाचलं, कारण आकडा त्यावर होता: दर मराठी शब्दाला ऐंशी पैसे. मी तिथल्या तिथे दिवसाला दोन हजार शब्द धरले, रविवार सोडले आणि महिन्याचे चाळीस हजार करून ठेवले. ज्याला मनात चाळीस हजार मिळाले आहेत तो उरलेली दहा पानं कशाला वाचेल? सिन्नर फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो, तेव्हा यंत्रातून एकेक पान बाहेर येताना ती दहा पानं दुकानदाराने वाचली.

“भाऊ, सही केली का यावर?”

“आता करतो.”

“नाही, यात लिहिलंय, किरकोळ बदल विनामूल्य करून द्यावे लागतील. किती वेळा, ते लिहिलेलं नाही.”

“किरकोळच आहेत ना, काय होतंय?”

तो “बरं” म्हणाला आणि अकरा पानांचे बावीस रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात करार नीट वाचून, काम पुरं करून, रोख पैसे घेणारा माणूस तो एकटाच.

पहिलं काम मिक्सरचं आलं. मूळ इंग्रजी सहा हजार शब्द. माझ्या हिशेबाने चार हजार आठशे रुपये झाले. मी बसलो. पहिलंच वाक्य भांड्याच्या झाकणाबद्दल होतं. इंग्रजीत ‘फ्रॉम अंडर द लिड’, चार शब्द. मी लिहिलं, ‘झाकणाखालून’. बोटं थांबली. चार शब्द आत गेले होते आणि एक बाहेर आला होता. पुढे ‘ऑन टॉप ऑफ द लिड’, पाच शब्द. मराठीत ‘झाकणावर’. परत एक. माझ्या डोळ्यांदेखत चार रुपयांचे ऐंशी पैसे होत होते.

इंग्रज माणूस बोलताना ऑफ, टू, द, अ अशी चिल्लर रस्ताभर सांडत जातो. आपण मराठी माणसं काटकसरी, आपण ती चिल्लर नामाच्या पोटात घालून शिवून टाकतो. ‘पलीकडच्यांसाठीसुद्धा’ हा एक शब्द आहे. त्यात एक अख्खी पलीकडची वस्ती आहे, तिच्याबद्दलची आस्था आहे, वर ‘सुद्धा’ आहे, आणि याचे मिळणार ऐंशी पैसे. शाळेत ‘स, ला, ते’ घोकताना हेच प्रत्यय पुढे माझ्या पोटावर पाय देतील असं कुणी सांगितलं असतं, तर मी हिंदी घेतलं असतं. तिथे ‘ढक्कन के नीचे से’ म्हणतात. मोजा! मिक्सर संपला तेव्हा सहा हजारांचे साडेचार हजार शब्द झाले होते आणि चार हजार आठशेचे तीन हजार सहाशे. बाराशे रुपये विभक्तीत गेले.

मध्ये मी जरा हातचलाखीही करून पाहिली होती. एका प्रकरणात ‘झाकणा खालून’, ‘भांड्या मधून’, ‘बटणा शेजारी’ असं सुटं सुटं लिहिलं. पुण्याहून तपासनिसांचा शेरा आला: ‘शब्दयोगी अव्ययं जोडून लिहावीत. कृपया वाळंबे पाहावेत.’ मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण माझ्या टेबलावरच होतं. मी त्यावर चहाचा कप ठेवत असे. कप उचलला, पुस्तक पाहिलं, तपासनीस बरोबर होते. एकेक शब्द परत जोडताना मी माझ्याच खिशाला टाके घालतोय असं वाटलं. मग दुसरा उपाय केला. ‘बटण दाबा’च्या जागी ‘आता आपल्या उजव्या हाताच्या बोटाने ते बटण हळूच दाबावे’ असं लिहिलं. उत्तर आलं, ‘सर, कीर्तन नको.’

आणि मग ते किरकोळ बदल सुरू झाले. मी ‘झाकण’ लिहिलं होतं, एक्केचाळीस ठिकाणी. पुण्यातल्या कुणाला तरी झाकण ग्रामीण वाटलं, म्हणून ‘टोपण’ करायला सांगितलं. केलं. दिल्लीच्या कुणी साहेबांनी कुणाला तरी विचारलं, त्याने सांगितलं की टोपण पेनाला असतं. मग ‘आवरण’. आवरण काढलं की काय उरतं अशी तात्त्विक शंका निघाली, म्हणून ‘लिड’ असंच देवनागरीत. मग मराठी अस्मितेचा प्रश्न आला. नवव्या फेरीत झाकण परत आलं, एक्केचाळीस ठिकाणी, वनवासातून आल्यासारखं. मला त्याला ओवाळावंसं वाटलं. एवढ्या उलथापालथीचे वेगळे पैसे शून्य, कारण दर वेळी बदल एकाच शब्दाचा होता, आणि एका शब्दाइतकं किरकोळ जगात काय असतं?

त्यातच समन्वयक मॅडमचा फोन आला. “सर, तुमचा आवाज फार छान आहे.” कौतुक आलं की मागून काम येतं, हे मला तोवर कळायला हवं होतं. पुस्तिकेचा व्हिडिओ निघणार होता, त्यात मी ती वाचायची होती. किरकोळच. मी खोलीचं दार लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन रेकॉर्डिंगला बसलो. ‘मिक्सर सुरू करण्यापूर्वी…’ इतकं म्हणालो आणि आमचा मिक्सर सुरू झाला.

“आई, दोन मिनिटं थांबव ना!”

“लाइट जायच्या आत वाटून घेते, मग काय बोलायचं ते बोल.”

शेंगदाण्याच्या चटणीसकट ते रेकॉर्डिंग गेलं. संध्याकाळी मॅडमचा निरोप: ‘पार्श्वभूमीला खऱ्या मिक्सरचा आवाज! काय कल्पना आहे, सर!’ कल्पनेचे पैसे किती, असं विचारायला मी फोन हातात घेतला आणि लिहिलं, ‘धन्यवाद मॅडम’, पुढे हात जोडल्याचं चित्र. ते चित्र दोनदा पडलं.

तीन हजार सहाशे रुपये टीडीएस कापून, ‘अंतिम मान्यतेनंतर साठ दिवसांत’ यायचे होते. अंतिम मान्यता झाकणापाशी अडलेली. मधल्या काळात गीझर झाला, इस्त्री झाली आणि इन्व्हर्टरची पुस्तिका सुरू झाली. ‘आता वीज गेल्याचे तुम्हाला कळणारही नाही’ हे वाक्य मी मेणबत्तीच्या उजेडात कागदावर लिहिलं आहे.

तेव्हापासून माझ्या घरात एकच विषय: सोडावं की वाढवून मागावं. सोमवारी मी सोडायचं ठरवायचो. मंगळवारी मॅडमचा ‘गुड मॉर्निंग सर’ यायचा आणि मला गलबलून यायचं. बुधवारी झाकण यायचं, की पुन्हा सोडायचं. गुरुवारी वीज नसायची, त्यामुळे तत्त्वाचा विचार करता यायचा. शुक्रवारी वाढवून मागायचं पक्कं, पण शुक्रवारी संध्याकाळी कुणाला पैशांचं काय बोलायचं, लोक घरी जायच्या घाईत असतात. आमच्या गावात 660 मेगावॅटच्या नव्या संचाची चर्चा मी कित्येक वर्षं ऐकतो आहे: सगळ्यांना हवा, सभा झाल्या, निवेदनं झाली. माझी दरवाढ त्याच रांगेत जाऊन उभी राहिली.

“भीड भिकेची बहीण असते,” आई म्हणाली. हे म्हणण्याचा तिला अधिकार आहे. नाशिकरोडच्या बाजारात मेथीची जुडी ती अशा भावाने आणते की भाजीवाली वर कढीपत्ता देते आणि “मावशी, जा आता,” अशी विनवणी करते. मी तिच्याच पोटचा, पण माझ्या तोंडून पैशांचा आकडा निघायचा म्हटला की आधी खोकला निघतो.

बाबांना मात्र या प्रकरणाने तरुण केलं. कित्येक वर्षांनी त्यांना कुणाचा तरी वेतनकरार हाताशी मिळाला होता.

“पायरीने जायचं. आधी निवेदन. मग द्वारसभा. मग काळ्या फिती. मग नियमानुसार काम. मग एक दिवसाचा लाक्षणिक संप. सोडायची भाषा शेवटी, तीही नुसती भाषा.”

“बाबा, मी एकटा आहे.”

“मग एकजूट पक्की आहे. अर्धं काम झालं.”

द्वारसभा आमच्या फाटकाशी झाली. वक्ते बाबा, श्रोते मी आणि इस्त्रीवाला. काळ्या फितीसाठी आईच्या जुन्या ब्लाउजपिसातून पट्टी कापली आणि ती दंडाला बांधून मी दिवसभर इन्व्हर्टरचं भाषांतर केलं. पुण्यात ती कुणाला दिसायचं कारण नव्हतं, कारण मीटिंगमध्ये आम्ही सगळेच कॅमेरा बंद ठेवतो. ती दिसली दूधवाल्याला. त्याने किटली खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं?” मी “कुणी नाही, निषेध आहे” म्हणालो ते त्याला ‘निधन आहे’ असं ऐकू आलं असावं. संध्याकाळी दोन बायका आईला भेटायला आल्या आणि बाबांना धडधाकट बघून जराशा हिरमुसल्याच.

नियमानुसार काम करायचं तर नियम माहीत हवेत. म्हणून तेव्हा, सही केल्यावर पाच महिन्यांनी, मी तो करार पहिल्यांदा सगळा वाचला. झेरॉक्सवाला म्हणाला होता ते सगळं त्यात होतं. शिवाय नवव्या पानावर असं होतं की, कुणीही तीस दिवसांची सूचना देऊन करार सोडू शकतो. सोडल्यास राहिलेले पैसे ‘यथावकाश’ मिळतील. यथावकाश हा शब्द मी स्वतः तीन पुस्तिकांत वापरला आहे. तो कशासाठी वापरतात ते मला ठाऊक आहे.

शेजारचे निवृत्त सर म्हणाले, “सोडून दे. फाळक्यांनी नाही का सोडलं?”

सरांकडे कुठल्याही दुखण्यावर एक नाशिककर असतो. दाढ दुखली तरी त्यांना कुसुमाग्रज आठवतात. या खेपेला त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके निघाले. 1918 साली मुंबईच्या धनिकांना भागीदार घेऊन फाळक्यांनी इथे नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. पैसा त्यांचा, कला यांची. थोड्याच दिवसांत खर्च किती, वेळ किती यावरून खटके उडायला लागले.

“म्हणजे किरकोळ बदल,” मी म्हणालो.

“तसंच काहीसं. मग काय, ठेवली कंपनी आणि कुटुंब घेऊन गेले काशीला! तिथे बसून नाटक लिहिलं, ‘रंगभूमी’. ‘संदेश’चे अच्युतराव कोल्हटकर पत्रं पाठवायचे, परत या म्हणून. यांनी कळवलं की चित्रपटांच्या दृष्टीने मी मेलो. कोल्हटकरांनी ती मेल्याची बातमी छापून टाकली!”

मला दंडावरची काळी फीत आठवली. “मग पुढे?”

सरांनी चहा ढवळला. “पुढे आले परत. त्याच कंपनीत. पगारावर.”

याला सोडण्याचं उदाहरण म्हणायचं की वाढवून मागण्याचं, ते मला ठरवता येईना. सरांनाही ते जाणवलं असावं, म्हणून त्यांनी दुसरं काढलं. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांना मुंबईच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा आचारी सापडला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळायचे. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तर 1913 सालच्या आपल्या पहिल्या नायिकेच्या मुळाशी पाच रुपयांची पगारवाढ आहे. पुढे ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

“दोन्हींचे वेगवेगळे मिळाले का, सर?”

“ते काही वाचनात नाही.”

मला वाटतं, सीता किरकोळमध्ये धरली असणार.

समोरच्या इमारतीत सीएचा अभ्यास करणारा एक मुलगा राहतो. त्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि डॉक्टरने जीभ बाहेर काढायला सांगावी तसं आधार कार्ड काढायला सांगितलं. “उद्यम नोंदणी करून टाका, दादा. फुकट आहे. 2006चा कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. करारात साठ लिहिले तरी चालत नाहीत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. चक्रवाढ!”

चक्रवाढ हा शब्द आजवर आमच्या घरात फक्त कर्जाच्या बाजूने आला होता. मी नोंदणी केली. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझ्या नावापुढे लिहिलेलं: सूक्ष्म. मी ते आईला दाखवलं.

“सूक्ष्म म्हणजे?”

“अगदी लहान.”

“हे सांगायला सरकार कशाला पाहिजे होतं?”

आता माझ्याकडे कायदा होता, इतिहास होता, एकजूट होती. नव्हतं फक्त निवेदन. ते लिहायला मी एक अख्खी रात्र घेतली. बोर्डाच्या पत्रांवर वाढलेला मुलगा मी, सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी झाली. दुसऱ्या परिच्छेदात मी कंपनीचे आभार मानले, तिसऱ्यात क्षमा मागितली, चौथ्यात माझ्याकडून अनवधानाने काही मागणी झाली असल्यास ती दुर्लक्षित करावी असं लिहून गेलो. सवयीने शब्द मोजले: दोनशे बारा. म्हणजे एकशे एकोणसत्तर रुपये साठ पैशांचं लेखन मी फुकट केलं होतं, आणि त्यात मागणी कुठेही नव्हती. पुसून टाकलं.

शेवटी बाबांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. मोजणी इंग्रजी शब्दांची. दर सव्वा रुपया. बदलांच्या दोन फेऱ्या, तिसरीचे वेगळे पैसे. पैसे पंचेचाळीस दिवसांत. “हे वाचायचं आणि गप्प बसायचं,” ते म्हणाले. “मॅनेजमेंटसमोर जो जास्त बोलतो तो कमी घेतो.” मी मान डोलावली. खरं तर कागदाच्या पाठीमागे मी पेन्सिलने बारीक अक्षरात एक वाक्य स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, अडीअडचणीला: ‘नाहीतर मी आहे त्याच दरात करीन, काही हरकत नाही.’

मंगळवारी चार वाजता मीटिंग ठरली. मॅडम होत्या, तपासनीस होते आणि ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असे एक वरचे साहेब होते. फोन आदल्या रात्री चार्जिंगला लावलेला नव्हता, कारण ‘रात्रभर चार्जिंगला ठेवू नये’ हे मी त्याच आठवड्यात मराठीत आणलं होतं, आणि ती पुस्तिका कोण वाचतं या प्रश्नाला निदान एक नाव असावं अशी माझी इच्छा होती. संगणक आणि वायफाय यांच्या भरवशावर मी बसलो. दाराआड बाबा उभे होते. त्यांच्या मागे आई. खोकला आला, तो गिळला आणि कागद वाचला. मोजणी. दर. फेऱ्या. दिवस. सगळं एका दमात.

पलीकडे शांतता.

आता गप्प बसायचं होतं. बाबा दाराच्या फटीतून हाताने ‘गप्प, गप्प’ असं खुणावत होते. मी एक सेकंद गप्प बसलो. दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला माझ्यातला भिडस्त माणूस उठून उभा राहिला. शांतता दुसऱ्याच्या घरातली असली तरी ती भरून काढायची जबाबदारी आपली, असं आम्हा लोकांना वाटतं. माझा हात आपोआप कागद उलटा करायला गेला.

“नाहीतर मी…” मी म्हणालो.

आणि वीज गेली.

पडदा काळा. वायफायचा दिवा विझला. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. खिडकीबाहेर चिमणीतून धूर निवांत निघत होता. वीज तयार होत होती, ती बाहेरगावी निघाली होती. फोन उघडला तर त्यात एक टक्का होता. मी त्यावर ‘सॉरी’ एवढं टाइप करेपर्यंत तोही गेला. आई म्हणाली, “चटणी राहिली वाटायची.” बाबा एक शब्द बोलले नाहीत, नुसते आरामखुर्चीत बसून राहिले. मी मनाशी पारावर काय सांगायचं त्याची तयारी करायला लागलो.

दोन तास चाळीस मिनिटांनी वीज आली. कडुलिंबाची फांदी तारेवर पडली होती म्हणे. संगणक सुरू केला. तीन मेल होते.

पहिला, चार वाजून अकरा मिनिटांचा, मॅडमचा: ‘सर, तुम्ही मीटिंग सोडून गेलात. आमच्याकडून काही चुकलं का?’

दुसरा, पाच वाजून पाच मिनिटांचा, तपासनिसांचा. इतके दिवस जे मला वाळंबे पाहायला सांगत होते, त्यांनी लिहिलं होतं की, व्यक्तिशः त्यांना पहिल्यापासून झाकणच आवडत होतं.

तिसरा, सहा वाजून वीस मिनिटांचा, वरच्या साहेबांचा. ‘आपली भूमिका आम्हाला समजली. आपले शेवटचे शब्द आणि त्यानंतरचे मौन यांची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. सव्वा रुपया शक्य नाही, परंतु एक रुपया दहा पैसे, इंग्रजी शब्दांच्या मोजणीने, देण्याची तयारी आहे. दोन फेऱ्या मान्य. पंचेचाळीस दिवस मान्य. कृपया कोणताही टोकाचा निर्णय घेऊ नये.’

मी तो मेल मोठ्याने वाचला. मग बाबांनी वाचला. मग आईने बाबांचा चष्मा लावून पाहिला. सहा हजार शब्दांचे आता सहा हजार सहाशे होणार होते, आणि झाकणाखालून काहीही काढलं तरी त्याचे चार शब्द धरणार होते. मी उत्तरात ‘मान्य’ असा एकच शब्द पाठवला. एवढं कमी मी त्या कंपनीसाठी कधीच लिहिलं नव्हतं.

रात्री गच्चीवर मंडळी जमली. बाबांच्या मते हा द्वारसभेचा परिणाम होता. सीएवाल्या मुलाने चक्रवाढीला श्रेय दिलं, मी तिचा उच्चारही केला नव्हता तरी. सर म्हणाले, “बघ, मौन! फाळके काशीत गप्प बसले म्हणून तर बोलावणं आलं.” आई म्हणाली, “कडुलिंब आहे तो, गुणाचाच असतो.” नव्या कराराच्या प्रिंट काढायला मी सिन्नर फाट्यावर गेलो तेव्हा झेरॉक्सवाल्याने चौदा पानं शांतपणे वाचली आणि म्हणाला, “आता करा सही.” त्याचे अठ्ठावीस रुपये झाले, त्याने मात्र दर वाढवला नव्हता, हे मला त्याला सांगावंसं वाटलं, पण भीड पडली.

नव्या दराचे पहिले पैसे त्रेचाळिसाव्या दिवशी आले. बाबांनी पासबुक दोनदा भरून आणलं आणि जेवताना म्हणाले, “आता एक इन्व्हर्टर घेऊन टाकू घरात. तुझ्या कामाला बरा. पुस्तिकाही तुझ्याच मराठीतली असेल आत.”

“घेऊ ना,” मी म्हटलं. “पण मार्चनंतर.”

“मार्चपर्यंत कशाला थांबायचं?”

“मार्चमध्ये करार संपतो, बाबा. तेव्हा परत बोलणी आहेत.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खिडकीतून चिमण्यांकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, “याला अजून एक भाकरी वाढ.”